आत शिल्लक एक

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आज नोकरीचा पहिला दिवस, आणि पहिल्याच तासात जिराफाने माझा अपमान केला. त्याचं आवार बाहेर जायच्या गेटाला लागूनच आहे. मी नवा एप्रन घालून, छातीवर पत्र्याचा बिल्ला लावून ऐटीत स्टुलावर बसले, तर भिंतीवरून मान काढून त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. काही विशेष वाटलं नसावं. तोंड फिरवून तो पाला चघळायला लागला. सासूबाईंनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अगदी असंच झालं होतं.

काम सोपं आहे. आत येताना दहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाच्या मनगटावर तिकीटवाली एक कागदी पट्टी चिकटवते. तिच्यावर नंबर असतो आणि तोच नंबर आईबापाच्या तिकिटावर. बाहेर जाताना मी दोन्ही नंबर जुळवायचे, पट्टी कापायची आणि पत्र्याच्या डब्यात टाकायची. पट्टी कापली म्हणजे मूल ज्याचं त्याच्याबरोबर घरी गेलं. साडेपाचला घंटा होते, गेट बंद आणि कापणंही बंद, मग पट्ट्या मोजून वहीत मांडायच्या. कागद भलता चिवट आहे, ओढून तुटत नाही, कापावाच लागतो. बावीस वर्षं शिवणाच्या दुकानात कापड बेतलंय मी. गुडघ्यांनी मशीन सोडायला लावलं, पण कात्री काही हातातून सुटली नाही.

शिकवायला गेटवरचे काका आहेत. तीस वर्षं इथेच. त्यांनी तीन गोष्टी बजावल्या. नंबर जुळल्याशिवाय कापायचं नाही. आईबाप कितीही म्हणाले तरी त्यांच्या हातात कात्री द्यायची नाही, पट्टी गेटवरच्या माणसानेच कापायची. आणि गंमत म्हणूनसुद्धा स्वतःच्या मनगटावर पट्टी लावून बघायची नाही. का, असं विचारलं तर म्हणाले, मोजणी बिघडते. मी नव्या सुनेसारखी मान डोलावली.

ह्यांना मी एवढंच सांगितलंय की एका बागेत काम मिळालं. कुठली बाग ते त्यांनी विचारलं नाही. घड्याळाच्या पोटात डोकं घालून बसले होते.

बुधवार, ५ नोव्हेंबर

बापमाणसं पोरांना काय वाट्टेल ते सांगतात. आज एका गृहस्थांनी आखूड सोंडेचा तापीर दाखवून हे रानडुकराचं लग्नाआधीचं रूप असं सांगितलं, आणि पोरगी गंभीरपणे हो म्हणाली. दुसऱ्या एकाने माझ्याकडे तक्रार केली की सिंह झोपलाय, त्याला उठवायची काही सोय आहे का. मी म्हटलं, आमच्या घरातही एक आहेत, वीस वर्षांत सोय सापडली नाही. बायको इतकी हसली की तिकीट सापडेना.

निघताना पोरं रडतात, ते मात्र मला बघवत नाही. पट्टी कापू देत नाहीत, मनगट पोटाशी धरून बसतात. मी गोडीगुलाबीने कापते.

संध्याकाळी वही लिहायला घेतली. दिल्या एकशे त्रेचाळीस, कापल्या एकशे त्रेचाळीस. जीव भांड्यात पडला. पण शेवटच्या रकान्यात, जिथे ‘आत शिल्लक’ लिहिलंय, तिथे शून्य लिहायला गेले तर काकांनी हात धरला. मागच्या पानावरून एक ओढायचा आहे म्हणाले. पाहिलं, तर मागच्या पानावरही एक. त्याच्या मागच्या पानावरही. हे काय, असं विचारलं. म्हणाले, जुनं आहे, आहे तसं लिही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

या वहीत तरी खरं लिहायला हवं. जिराफ बघायला मी इथे आलेले नाही.

चार वर्षांपूर्वी एका रविवारी आम्ही तिघं इथे आलो होतो. खारू सात वर्षांची होती. झाडावर, कठड्यावर, माझ्या अंगावर, दिसेल तिथे चढायची म्हणून आम्ही तिला खारूताई म्हणायचो. त्या दिवशी तिने बाकी प्राणी भराभर उरकले आणि पाणघोड्याच्या डबक्याशी जाऊन बसली. त्याने तोंड उघडल्याशिवाय हलायचं नाही, असा तिचा हट्ट. तीन तास बसलो. पाण्यावर दोन कान आणि दोन नाकपुड्या, बाकी काही नाही. ह्यांनी तर त्याला जांभई यावी म्हणून स्वतः जांभया देऊन दाखवल्या. मी इतकी हसले होते त्या दिवशी. मग तशी कधी हसले नाही.

गेटवर तिने पट्टी कापू दिली नाही. पट्टी असली की आपण अजून आतच आहोत, मग परत येता येतं, असं तिचं गणित. रडून रडून उचकी लागली. मी गेटवरच्या माणसाला विनवलं, राहू द्या हो एवढी एक. पुढच्या रविवारी नक्की येऊ, असं तिला कबूल केलं.

पुढच्या रविवारी तिला ताप होता. त्याच्या पुढच्या रविवारी ती दवाखान्यात होती. सुई लावायची म्हणून नर्स पट्टी कापायला आली, तेव्हाही तिने मनगट पोटाशी धरलं, आणि मीच म्हटलं, दुसऱ्या हाताला लावा. तिसऱ्या रविवारी ती गेली. पट्टी हातावर तशीच होती.

गेटवरचा तो माणूस म्हणजे काका. त्यांनी मला ओळखलेलं नाही. तेव्हा माझे केस काळे होते.

रविवार, ९ नोव्हेंबर

आज तोबा गर्दी. कापून कापून अंगठ्याला फोड आला.

दुपारी एक छोटी बाहेर जाता जाता मागे वळून हात हलवत होती. कोणाला टाटा करतेस, असं मी विचारलं. पाणघोड्यापाशी एक ताई आहे म्हणाली, तिला. मी तिकडे पाहिलं. डबक्याच्या कठड्याशी कोणी नव्हतं. पट्टी कापली तशी ती छोटी पुन्हा वळली आणि गोंधळून बघत राहिली. आईला म्हणाली, ताई गेली.

संध्याकाळी आणखी एकाने विचारलं की त्या ताईला घरी का नेत नाहीत. पोरांच्या डोक्यातून काहीही निघतं.

शिल्लक एक.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

काल सुट्टी होती. आज काका जेवायला गेल्यावर कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. मागे मागे जात राहिले. एक, एक, एक, सगळ्या पानांवर. पावसाने बाग बंद होती, एकही मूल आलं नव्हतं, त्या दिवशीही दिल्या शून्य, कापल्या शून्य, आत शिल्लक एक. मग चार वर्षांपूर्वीचा तो रविवार आला. त्याच्या आदल्या पानावर शून्य आहे.

काकांना विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, तीस वर्षांत एकदाच चूक केली. एका बाईचा जीव तुटत होता म्हणून पट्टी न कापता मुलीला जाऊ दिलं. घंटा झाल्यावर मोजलं तर एक कमी. मूल डोळ्यांदेखत बापाच्या खांद्यावरून घरी गेलं होतं, पण वहीप्रमाणे ते आतच होतं. साहेबांनी शून्य करून टाका म्हणून सांगितलं. काकांनी केलं नाही. का नाही केलं, असं मी विचारलं. तर म्हणाले की दुसऱ्या दिवसापासूनच मुलं तिला बघायला लागली.

ती बाई मी, हे तोंडातून निघेना.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

मी मुलांना विचारायला लागले आहे. पट्टी कापायच्या आधीच विचारावं लागतं. कापली की त्यांना ती दिसत नाही. पट्टी नसलेल्या कोणालाच दिसत नाही. मोठ्यांच्या हातावर पट्टी नसते, म्हणून आईबाप हसतात आणि पुढे चालतात.

पिवळा फ्रॉक, असं दोघांनी सांगितलं. फ्रॉक तिला फार लहान होतो, असं एकीने. काखेत उसवलाय.

पिवळा फ्रॉक मी शिवला होता. खालच्या घेरात चार बोटं दुमड ठेवली होती, वाढत्या अंगाची पोर म्हणून.

एक मोठासा मुलगा म्हणाला, तिचा एक हात फुगलाय आणि निळा पडलाय. मनगटात पट्टी रुतलीय. नंबर वाचता आला का, असं विचारलं. तो म्हणाला, तीनशे अठरा.

मग मला स्टुलावर बसता येईना.

आमचं तिकीट मी जपून ठेवलंय. घरी जाऊन काढायची गरज नव्हती, तरी काढलं. तीनशे अठरा.

रविवार, १६ नोव्हेंबर

ती वाढते आहे. आता अकराची असेल. पट्टी मात्र सात वर्षांच्या मनगटाची आहे.

पाणघोड्याच्या कठड्याखाली पिवळा दोरा सापडला. घेराच्या शिलाईचा, माझ्याच टाक्यांचा. दुमड दातांनी उसवून फ्रॉक लांब करून घेतलाय तिने. एकटीने. मी हयात असताना माझ्या लेकीला स्वतःचा फ्रॉक दातांनी उसवावा लागला.

पाणघोड्याचा राखणदार म्हणाला की मूर्ख लोक दिवसभर वाट बघतात. पाच वाजता लोकांना गेटाकडे पिटाळलं की तो अख्खा भोपळा टाकतो, तेव्हा तोंड उघडतं. रोज.

म्हणजे तिने रोज पाहिलंय. मग अजून तिथे का बसते?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एप्रन धुवायला टाकला होता, त्यावरचा बिल्ला त्यांनी वाचला. काल एवढंच विचारलं, आत जायचं गेट की बाहेर यायचं. बाहेर यायचं, असं सांगितलं. मान हलवली आणि पुन्हा घड्याळ उघडलं. खारू गेली तेव्हाही हे रडले नाहीत. घरातली सगळी घड्याळं मात्र तेव्हापासून एकाच वेळेला वाजतात, सेकंदाचाही फरक नाही.

त्यांना काही सांगितलं नाही. काय सांगू? तिला चार वर्षं मनातून बाहेर जाऊ दिलं नाही मी. तेच झालंय ना हे.

बुधवार, १९ नोव्हेंबर

डबक्यापाशी जाऊन हाका मारल्या. कठडाभर हात फिरवला. काही लागलं नाही.

शेजारी एक छोटा उभा होता. म्हणाला, ती तुमच्या समोरच आहे. तुम्ही तिला दिसत नाही. ती तुमच्यातून पलीकडे गेटाकडे बघतेय.

विचारलं, रडतेय का.

म्हणाला, नाही, वाट बघतेय.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आज एका मुलीने तिला हात लावला. किंचाळत आली. हात बर्फासारखा आहे, बोटं काळी पडलीत. ती म्हणते, कापा ना कोणीतरी.

कापा म्हणते माझी खारू. जी कापू देत नव्हती ती.

शनिवार, २२ नोव्हेंबर

ठरलं. उद्या पट्टी लावायची. म्हणजे मी तिला दिसेन, ती मला दिसेल. तिची पट्टी गेटवर मीच कापायची, गेटवरचं माणूस आता मी आहे. मग माझी काका कापतील. साडेपाचच्या आत दोन्ही. घंटेनंतर कापायचं नाही, घंटेनंतर जे उरतं ते शिल्लक.

पट्टी कापली की ती जाईल. हे मला कळतं. बाहेर तिच्यासाठी घर नाही, शाळा नाही, काही नाही. जाईल म्हणजे जाईल. चार वर्षं मी देवाकडे एकच मागत होते की एकदा दिसू दे. आणि आता दिसेल ती निरोप द्यायला.

पण तिला दुखतंय.

काकांना नाही सांगितलं. अडवतील.

रविवार, २३ नोव्हेंबर

हातात जोर आहे तोवर लिहून टाकते. गेटाच्या आत, स्टुलाशेजारी बसलेय. अजून उजेड आहे.

सकाळी तिकीटवालीकडून नमुन्याला म्हणून एक पट्टी घेतली. तिने इमानदारीने दिल्याची नोंद केली. पाचला तिला गेटावर बसवून डबक्याकडे गेले आणि पट्टी मनगटावर चिकटवली.

ती समोरच होती. पाठमोरी. माझ्या खांद्याला लागेल एवढी. केसांच्या जटा. फ्रॉक पाठीवर फाटलेला.

वळली. म्हणाली, केवढा उशीर केलास. रागाने नाही. मी पाणी आणायला गेले होते आणि रांग लांब होती, तसं.

मी तिला पोटाशी धरलं. थंड. पण वास तिचाच, तोच.

मी म्हटलं, चल लवकर. तर ऐकेना. बघ, बघ म्हणत मला कठड्याशी ओढलं. राखणदाराने भोपळा टाकला. पाणघोड्याने तोंड उघडलं, केवढं ते, आत सगळं गुलाबी. मला दाखवायला थांबली होती. चार वर्षं. पाणघोड्याकडे पाहत नव्हतीच ती, माझ्या तोंडाकडे पाहत होती, मला आवडलं का ते. मी हसून दाखवलं. हसताना —

मग पळालो. माझे गुडघे. तिकीटवाली निघून गेली होती, तिला वाटलं सगळे गेले. काका घंटेच्या दोरीपाशी. घड्याळात तीन मिनिटं उरलेली.

पट्टी मांसात गेलेली. कात्रीचं टोक खाली घालायला जागाच नाही. रेशमावरचा एक एक धागा काढलाय मी, कापडाला धक्का न लावता. घाई केली असती तर तिला लागलं असतं. नाही केली. ती हूं की चूं करत नव्हती, दवाखान्यातल्यासारखी.

म्हणाली, आई, आधी तुझी.

मी म्हटलं, माझी मागून. तू पुढे हो, रस्त्याशी उभी राहा, आलेच मी.

पुन्हा एकदा तिच्याशी खोटं बोलले.

कापली. हात मोकळा झाला, बोटं हलवून बघितली तिने. चालत बाहेर गेली. रस्त्यापर्यंत दिसत होती. तिथे वळली, हात हलवला. मग रस्ता होता नुसता.

तेवढ्यात घंटा झाली.

काकांच्या पुढे मनगट धरलं. टेबलावर ठेवलं. ते त्याच्यावरूनच वही सरकवून लिहायला लागले. मी ओरडले, त्यांना ऐकू गेलं नाही. कात्री मीच चालवली, घसरते, पुन्हा पुन्हा घसरते, कागदाला चरा पडत नाही. दिल्या दोनशे सहा, कापल्या दोनशे सहा. माझी दिलेली, तिची कापलेली. हिशोब बरोबर. आत शिल्लक, मागच्या पानावरून एक.

काकांनी उसासा टाकला. कुलूप लावलं.

जिराफ मान वाकवून माझ्याकडे बघतोय. आता त्याला मी विशेष वाटते आहे.

उद्या सुट्टी. परवा मुलं येतील. कोणाला तरी सांगेन की घरी निरोप —

हे आलेत.

गेटाबाहेर उभे आहेत, माझी शाल घेऊन. काकांना विचारताहेत. काका म्हणतात मघाशीच गेली असेल. हे म्हणतात नाही, ती सांगितल्याशिवाय जात नाही कुठे.

काका गेले. हे थांबलेत. गजांना धरून उभे. माझ्याकडेच तोंड आहे, माझ्यातून पलीकडे बघतात, डबक्याकडे.

रडताहेत. शाल तोंडाशी धरून. चार वर्षांत पहिल्यांदा, आणि मला डोळे पुसता येत —

अहो, गेली ती, नीट गेली, हात मोकळा करून गेली, मी बघितलं. मी इथेच आहे. गजांतून हात बाहेर काढलाय, जरा अलीकडे या, अजून थोडं, हां, अजून